तीन बार: नवशिक्यांसाठी पेट्रोलच्या दाबाची सोपी मार्गदर्शिका

प्रथम गाडी हवी. शक्यतो जुनी, कार्ब्युरेटरची झेन, आणि शक्यतो काकाची. स्वतःच्या गाडीवर शिकायला जिगर लागते. गोव्यातल्या आमच्या मुळगावात प्रेक्षकांचीही सोय आहे. खाणी 2012 साली थांबल्या, मधे थोड्या हलल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. टिपरखाली आयुष्य काढलेल्या माणसांना त्या काळात हातात पाना नसणं म्हणजे काय ते कळलं, आणि तेव्हा लागलेली डोकावण्याची सवय अजून मोडलेली नाही. बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत चार जण वाकून उभे. मदतीला नव्हे, बघायला.

मग कार्ब्युरेटर काढून इंजेक्टर बसवावेत आणि ते चालवायला पेटी घ्यावी. पेटी म्हणजे प्रोग्राम करता येणारा ईसीयू. मेगास्क्वर्ट घ्या, हॅलटेक घ्या, ऐपतीप्रमाणे. सगळे पैसे पेटीत, वायरिंगमध्ये आणि लॅपटॉपच्या केबलमध्ये घालवावेत. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये ते किती दाबाने येतं, हे बघायचं काम उरलेल्या पैशांत करायचं असतं. मी तसंच केलं.

पायरी पहिली: दाबाचा विचार करू नये. पेटी फक्त एवढंच ठरवते की इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात पेट्रोल किती पडणार, हे दाब ठरवतो. कुळागरात माडांना पाणी लावणाऱ्या कुठल्याही म्हातारीला हे समजावून सांगावं लागत नाही: नळ तोच, पण टाकी भरलेली असली की बादली लवकर भरते. पेटीला टाकी दिसत नाही. दाबाचा वेगळा सेन्सर लावला नसेल, तर तुम्ही कागदावर जे सांगितलं, समजा तीन बार, तेच ती मरेपर्यंत खरं मानते.

इथे चार प्रेक्षकांपैकी एक जण म्हणेल, ‘प्रेशर वाडय, पावर येतली.’ त्याचं ऐकावं, म्हणजे अनुभव येतो. तीन बारचे चार केले तर पेट्रोल तिसऱ्या हिश्शाने वाढत नाही. ते दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं, म्हणजे जेमतेम पंधरा टक्के. दुप्पट पेट्रोल हवं तर दाब चौपट करावा लागेल, आणि दाब जितका चढवाल तितका पंप कमी पाणी, चुकलो, कमी पेट्रोल देतो. खोक्यावर छापलेले ताशी लिटर कुठल्या दाबाला मोजलेत, ते बारीक अक्षरात शोधावं.

पायरी दुसरी: बारीक नळी. रेलमधला दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरवर एक स्क्रू असतो आणि कडेला हवेची एक बारीक नळी, ती इनटेक मॅनिफोल्डला जोडायची. स्क्रू सगळ्यांना दिसतो, नळी कुणाला कळत नाही. इंजेक्टरचं तोंड मॅनिफोल्डमध्ये उघडतं. इंजिन आयडलला असताना तिथे हवा ओढली जात असते, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 0.65 बारने कमी. म्हणजे मागून पेट्रोल ढकललं जातंय आणि पुढून ओढलंही जातंय. ही ओढ नळीवाटे रेग्युलेटरला कळते आणि तो रेलमधला दाब तेवढाच उतरवतो. गेज 2.35 दाखवतं, पण इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक तीनच राहतो. ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डमधली ओढ संपते आणि काटा परत तीनकडे येतो. सगळी करामत इतकीच.

हे माहीत नसलेला माणूस काय करतो? आयडलला 2.35 बघतो, ‘प्रेशर पडलंय’ म्हणतो आणि काटा तीनवर येईपर्यंत स्क्रू आवळतो. आता इंजेक्टरला मिळाले 3.65, म्हणजे पेट्रोल दहा टक्के जास्त. अस्नोड्याच्या रस्त्यावर मागच्या स्कूटरवाल्याने माझ्या काळ्या धुराबद्दल जे उद्गार काढले, ते मासिकात छापता येणार नाहीत. मी मात्र दोष लॅपटॉपमध्ये शोधला. तीन रविवार बसून पेटीच्या इंधन-टेबलातला आकडा न् आकडा खाली आणला. धूर थांबला. मी स्वतःला ट्यूनर म्हणवून घेऊ लागलो.

पायरी तिसरी (ही आधी करायला हवी होती): पाइप बदलणे. कार्ब्युरेटरच्या झेनमधला यांत्रिक पंप 0.2-0.3 बारवर चालतो आणि जुने रबरी पाइप तेवढ्यासाठीच असतात. तीन बारला इंजेक्शनचेच पाइप आणि त्यांच्याच क्लिपा लागतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. परतीची नळीही तपासा. मोठा पंप बसवला आणि परतीची वाट काडीएवढी ठेवली, तर स्क्रू पूर्ण सैल केला तरी काटा खाली येत नाही. तेव्हा रेग्युलेटर बदलायला धावू नये, रेग्युलेटरचा दोष नसतो. इथे विनोद थोडा बाजूला ठेवतो: अग्निशामक हाताशी हवा, आणि तो डिकीत सामानाखाली नको.

नव्या गाडीवाल्यांनी हवेची नळी शोधत बसू नये. बहुतेक नव्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, कारण रेलमधून परतणारं गरम पेट्रोल टाकीत नको असतं. तिथे दाब स्थिर आणि मॅनिफोल्ड चंचल, म्हणून फरकाचा हिशेब पेटीतच भरावा लागतो. अशा बदलांबाबत कायद्याचं काय, हा प्रश्न मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून ज्याने त्याने सोडवावा. विमा कंपनी ते तुमच्याआधी वाचून ठेवते.

शेवटची पायरी: मेस्त्री. डिचोलीचे एक म्हातारे मेस्त्री मी घरी आणले, खरं तर माझं ट्यूनिंग दाखवायला. ते म्हणाले, ‘लॅपटॉप धांप पयलीं. गेज खंय?’ इंजिन सुरू न करता त्यांनी पंप नुसता फिरवला. इंजिन बंद म्हणजे ओढ नाही, म्हणजे गेजवर दिसतो तोच मूळ दाब. काटा 3.65. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्क्रू सैल करून काटा तीनवर आणला, नट आवळला आणि चहा मागितला. त्यानंतर इंजिन धाप लागल्यासारखं चालू लागलं, कारण तीन रविवारांचं माझं टेबल चुकीच्या दाबाला बरोबर होतं आणि बरोबर दाबाला चुकीचं. ते सगळं पुसून पुन्हा भरलं.

आता आयडलला काटा 2.35. पेडल झटकन दाबलं की तीनजवळ, सोडलं की परत खाली. धूर नाही, आवाज नाही. चार प्रेक्षकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि एकेक करून निघून गेले.