'फॉरमॅट डिस्क' मेसेजसाहेबांना अनावृत पत्र

मा. मेसेजसाहेब,
मुक्काम पोस्ट पडद्याच्या मधोमध.

सा. न. वि. वि.

आपल्या तत्परतेला तोड नाही. एखादी पोर्टेबल हार्ड डिस्क संगणकाला जोडावी, तिचा बारीकसा दिवा लुकलुकावा आणि आतलं काही संगणकाला वाचता येऊ नये, की आपण दत्त म्हणून उभे. "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट करायची का?" खाली दोन बटणं. डावीकडे 'फॉरमॅट डिस्क', उजवीकडे 'कॅन्सल'. 'थांबा, आधी काय बिघडलंय ते बघू' असं म्हणायची सोय आपल्या दरबारात नाही. वाचता आपल्याला आलं नाही, पुसायचं मात्र आम्ही.

आपला सगळा रुबाब त्या 'लागेल'मध्ये आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वहिनींनी अशीच एक डिस्क लावली. लेकाच्या बारशापासून दहावीपर्यंतचे फोटो तिच्यात, आणि सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्याही. आपण प्रकट झालात. पुतण्याचं बोट माउसवर, बाण डाव्या बटणावर, आणि वहिनी मला विचारतात, "भाऊजी, हे म्हणतंय करावंच लागेल. मग करू द्यायचं ना? नाही म्हटलं तर आणखी बिघडायचं!" वहिनी बँकेत नोकरी करतात. कोरा चेक कुणी मागितला तर त्याला केबिनबाहेर काढतील. पण आपल्यासमोर त्या बिचकल्या, कारण आपण विनंती करत नाही, नियम सांगितल्यासारखं बोलता.

आता नियमच काढलात म्हणून विचारतो. डिस्कवरच्या एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमच्या, विभागाच्या सुरुवातीला बूट सेक्टर असतो आणि त्यातच 'मास्टर फाइल टेबल' नावाचं दप्तर कुठे आहे ते लिहिलेलं असतं. कुठली फाइल कोणत्या जागी ठेवली आहे, याची नोंद त्या दप्तरात. तिथलं एखादं मोक्याचं पान खराब झालं की संगणकाच्या लेखी सगळी डिस्क 'रॉ', म्हणजे अनोळखी, होते. फाइली बहुधा जिथल्या तिथे असतात, हरवतो तो त्यांचा पत्ता. सातबारा सापडेना म्हणून उभ्या उसावर नांगर फिरवा, असा सल्ला एखाद्या तलाठ्याने दिला तर गाव त्याला चावडीवर बसवून जाब विचारेल. आपण हाच सल्ला रोज देता आणि आपल्याला कारणे दाखवा नोटीससुद्धा निघत नाही.

गंमत म्हणजे खरं काय ते आपल्याला ठाऊक असतं. 'कॅन्सल' दाबलं की आपले धाकटे बंधू येतात आणि सांगतात, या विभागावर ओळखीची फाइल सिस्टिम सापडत नाही, ड्रायव्हर आहेत का बघा, विभाग खराब झालाय का बघा. हेच तर आधी सांगायचं होतं! पण आपल्या घराण्याची रीतच न्यारी. आधी पुसण्याचा प्रस्ताव आणि तो नाकारणाऱ्यालाच सत्य. आपल्या बाजूने एक मान्य करतो. डावं बटण दाबल्याबरोबर सगळं जात नाही. आणखी एक खिडकी उघडते, सगळा डेटा पुसला जाईल असा इशाराही मिळतो. फक्त तोवर माणसाची ठाम समजूत झालेली असते, की डिस्क उघडायची तर हे करावंच लागतं.

संशयितांची यादी आपण कधी तपासत नाही, म्हणून मीच देतो.

पहिली आरोपी केबल. यूएसबी ३.० च्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कना रुंद, चपटी, मध्ये खाच असलेली पिन असते. बॅगेत कोंबून कोंबून ती खिळखिळी होते. वहिनींच्या डिस्कची पिन बोटाने जरा दाबली की दिवा स्थिर, सोडली की लुकलुक. दुसरी केबल लावली आणि बारशापासूनचे सगळे फोटो समोर आले. ओव्याही वाजल्या. आपण ज्याला फॉरमॅटशिवाय इलाज नाही म्हणत होतात, तो आजार दोन वीत लांबीच्या वायरचा होता.

दुसरा आरोपी वीज. या डिस्कच्या आतल्या तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि त्यासाठीची वीज त्याच केबलमधून येते. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. हबवर आधीच कीबोर्ड, माउस आणि कुणाचा तरी चार्जिंगला लावलेला फोन असेल, तर डिस्कच्या वाट्याला काय येणार? म्हणून हब काढायचा, डिस्क थेट संगणकाला लावायची. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला.

तिसरा प्रकार निव्वळ भाषेचा. मॅकच्या स्वतःच्या फाइल सिस्टिमने तयार केलेली डिस्क विंडोजला लावली तर तिची फाइल सिस्टिम ओळखली जात नाही. डिस्क ठणठणीत असते, फक्त अनोळखी असते. तिथेही आपण बऱ्याचदा फॉरमॅटचं ताट वाढून हजर! चौथा प्रकार तर त्याहून साधा. डिस्कला ड्राइव्हचं अक्षरच मिळालेलं नसतं, म्हणून ती दिसतच नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एक अक्षर दिलं की काम झालं.

त्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये आपले चुलतबंधू 'इनिशियलाइज' राहतात. विभागांचा तक्ता वाचता आला नाही की ते नवा तक्ता लिहू का म्हणून विचारतात. त्यांनाही नकोच म्हणायचं. तिथे बघायचं ते एवढंच, की डिस्कची पूर्ण क्षमता दिसते आहे का. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसली तर घाबरायचं कारण नाही. कंपनी दशमान पद्धतीने मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. क्षमता बरोबर आणि विभाग 'रॉ' असेल तर बहुतेक वेळा दप्तराचा घोळ असतो. क्षमताच शून्य किंवा भलतीच दिसत असेल तर दुखणं यंत्रात आहे.

अशा वेळी विंडोजमधलं चेकडिस्क चालवा म्हणून सांगणारे सल्लागार गल्लोगल्ली भेटतात. चेकडिस्कचं काम नोंदींचा मेळ घालणं, फाइली वाचवणं नव्हे. मेळ घालताना न जुळणारे तुकडे ते बाजूला काढून टाकतं आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला त्या खटाटोपात आणखी राबवतं. तरी त्याचा मला आपल्यापेक्षा जास्त आदर वाटतो. 'रॉ' डिस्क पुढ्यात आली की ते सरळ सांगतं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. आपल्याला ही एक ओळ शिकता आली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

करायचं ते या क्रमाने. आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे तिने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद, बघायची. 'रिअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग', म्हणजे खराब किंवा संशयित, सेक्टर वाढलेले दिसले तर डिस्क खंगत चालली आहे असं समजायचं. मग दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर तिची सेक्टर-सेक्टर नक्कल उतरवायची. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हे काम नेमकं करतो. सोपा भाग आधी उचलतो, अडलेल्या जागी नंतर परत येतो. पुढची सगळी शस्त्रक्रिया त्या नकलेवर. टेस्टडिस्क हरवलेले विभाग शोधतो आणि एनटीएफएसच्या बूट सेक्टरची जी प्रत विभागाच्या अगदी शेवटी ठेवलेली असते, तिच्यावरून मूळ सेक्टर पुन्हा लिहू शकतो. तेही जमलं नाही तर फोटोरेक नावं-फोल्डर विसरून निदान फोटो तरी बाहेर काढतो. दोन्ही विनामूल्य.

पण डिस्कमधून ठराविक तालात टकटक येत असेल तर यातलं काहीही करायचं नाही. वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, माणसाचा केस त्याच्यापुढे हजारो पटींनी जाड. हेड बिघडलं असेल तर फेऱ्यागणिक तबकडी खरवडली जाण्याचा धोका. डिस्क काढायची आणि धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची. झाकण खोलून बघणारे आणि फ्रीजरमध्ये ठेवा म्हणणारे हे आपलेच भाईबंद. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर दव धरतं, एवढं साधं त्यांच्या लक्षात येत नाही.

आणि कुणी आपलं ऐकून डावं बटण दाबलंच असेल, तर तिथेच थांबायचं. त्या खिडकीत 'क्विक फॉरमॅट'वर आधीच टिक असते आणि तो मुख्यतः दप्तरच नव्याने मांडतो. नवं काही लिहिलं नाही तर जुनं बरंचसं परत मिळू शकतं. टिक काढून पूर्ण फॉरमॅट केला तर विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहिली जातात. मग आशा सोडायची.

आपली खरी ताकद मात्र वेगळीच आहे, साहेब. फोनमधली जागा संपली की लोक फोटो डिस्कवर हलवतात, फोनमधले पुसतात आणि डिस्कला बॅकअप म्हणतात. उरते ती एकुलती एक प्रत. ती एकुलती आहे म्हणूनच आपल्या दोन बटणांना एवढी जरब. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' तयार होत असताना पिक्सारमध्ये एका आज्ञेने चित्रपटाच्या फाइली धडाधड पुसल्या गेल्या आणि बॅकअप धड चालत नसल्याचं तेव्हा कळलं. तान्ह्या बाळामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. या नियमाने चालणाऱ्या घरात आपण प्रकट झालात तर आपल्याकडे ढुंकूनही कुणी बघणार नाही.

तेव्हा आपल्याला विनंती एकच. वाचता आलं नाही तर वाचता आलं नाही म्हणा.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
उजवं बटण दाबणारा

ता. क. वाचकहो, हे साहेब तुमच्या पडद्यावर आले तर 'कॅन्सल' दाबा आणि केबल बदला. आज ते आलेले नसतील तर आजच बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा, आणि ती आणखी कुठे आहे हे स्वतःला विचारा. उत्तर 'कुठेच नाही' आलं, तर तुमच्याकडे बॅकअप नाही.