एका डोळ्याचा चष्मा

भांडणं वाचायची आवड असलेल्या माणसाला इंटरनेटसारखं दुसरं सुख नाही. मला ती आवड आहे. खेळ मला जमत नाहीत. माझी बोटं आणि डोळे यांचं आजवर एकमत झालेलं नाही. पण खेळणारे लोक खेळ बनवणाऱ्या कंपन्यांशी ज्या निष्ठेने भांडतात, ते मी जेवणाची वेळ विसरून वाचू शकतो. यातलं माझ्या मते सर्वांत अव्वल भांडण २०११च्या जूनमध्ये झालं. आइसलँडमधल्या एका कंपनीशी तिच्याच गिऱ्हाइकांनी ते मांडलं. कारण होतं चष्मा. तोही अर्धा, एकाच डोळ्याचा.

खेळाचं नाव ईव्ह ऑनलाइन. रेक्याविकच्या सीसीपी कंपनीने तो मे २००३ मध्ये आणला. अवकाशयानं, खाणी, कारखाने, व्यापार, युद्धं असा सगळा पसारा, आणि त्यात जगभरचे खेळाडू एकाच विश्वात सोडलेले. एके काळी याच्या वर्गणीदारांची संख्या आइसलँडच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाली होती. इथे खरा धोका परग्रहवासीयांचा नसतो, शेजाऱ्याचा असतो. थापा मारणं, हेरगिरी करणं, आपल्याच गटाची तिजोरी घेऊन पसार होणं, हे सारं नियमांत बसतं. २००७ साली कंपनीने चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला. खेळातली महागाई किती वाढली, कुठला धातू कितीला गेला, याचे ते अहवाल लिहीत. पुढे ते अकुरेरीच्या विद्यापीठाचे रेक्टर झाले, म्हणजे काम पोरखेळाचं नव्हतं.

२००९ मध्ये खेळाडूंनीच चालवलेल्या एका बँकेच्या प्रमुखाने ठेवीदारांचे खेळातल्या चलनातले सुमारे २०० अब्ज काढून घेतले. घराची अनामत आणि दवाखान्याचं बिल भरायचं होतं, म्हणून त्याने ते खऱ्या पैशांना विकून टाकले. ठेवीदार हवालदिल होऊन बँकेकडे धावले. इथवर आपल्याकडच्या वाचकाला नवीन काही वाटणार नाही. गंमत पुढे आहे. कंपनीने त्याला खेळातून काढलं ते चोरीबद्दल नाही, कारण चोरी नियमांत बसत होती. काढलं ते खेळातला पैसा बाहेर विकल्याबद्दल. हा निवाडा मला फार आवडतो. चोरी करा, पण घरातल्या घरात.

अशा लोकांचा विश्वास कंपनीवर तरी कसा राहावा? २००७ मध्येच एक भानगड उघडकीस आली होती. कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्याने आपण ज्या गटातून खेळतो त्या गटाला वस्तू बनवायचे दुर्मीळ आराखडे मिळवून दिले होते. खेळाडूंनी आकाशपाताळ एक केलं. दुसऱ्या एखाद्या कंपनीने दिलगिरीचं पत्रक काढून विषय मिटवला असता. सीसीपीने निवडणूक घेतली. २००८ पासून खेळाडू मतदान करून आपले प्रतिनिधी निवडू लागले आणि कंपनी त्यांना विमानाचं तिकीट देऊन रेक्याविकला बोलावू लागली. प्रचार, जाहीरनामे, गठ्ठा मतं, मोठ्या गटांची दादागिरी, सगळं आलं. मंडळाचं भारदस्त नाव तारकीय व्यवस्थापन परिषद असं काहीसं होतं, पण मला त्यात आपली सोसायटीची मॅनेजिंग कमिटीच दिसते. गच्चीतल्या गळतीबद्दल सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या जोशीकाकांना एकदा कमिटीत घ्यावं आणि सिंकिंग फंडाचं पासबुक त्यांच्या हातात द्यावं; सहा महिन्यांत तेच इतरांना म्हणू लागतात, ‘अहो, दिसतं तेवढं सोपं नसतं ते.’ फरक एवढाच, की या परिषदेच्या सभासदांना गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते. म्हणजे पासबुकात काय पाहिलं ते काकांना जिन्यात सांगता येत नाही. आपल्याकडे असा करार झाला तर उमेदवारच मिळायचे नाहीत.

तर २०११. कंपनीने मोठा गाजावाजा करून एक सुधारणा आणली. तोवर खेळाडू म्हणजे फक्त यान. आता यानातला माणूसही दिसणार, दोन पायांवर चालणार होता. त्याला एक खोली मिळाली. खोलीत सोफा, पडदा, एक दार. दार उघडत नव्हतं. दुसरं कोणी आत येऊ शकत नव्हतं. आणि या एकांतवासासाठी कंपनीने दुकान काढून कपडे विकायला ठेवले. त्यात तो मोनोकल, एका डोळ्यावर अडकवायची भिंगाची चकती. किंमत साठ डॉलरच्या वर. तेव्हाच्या दराने अडीच हजार रुपयांहून जास्त. खरा नव्हे, चित्रातला. फार तर ओळखचित्रात इतरांना दिसला असता.

लोक भडकले. एका चकतीसाठी नाही; आज चष्मा विकता, उद्या खऱ्या पैशाला तोफ विकाल, मग आम्ही इतकी वर्षं घाम गाळून जे उभं केलं त्याचं काय, ही खरी भीती होती. नेमकं त्याच सुमाराला कंपनीचं अंतर्गत वार्तापत्र बाहेर फुटलं आणि मुखपृष्ठावर विषय होता, हाव चांगली असते का? कंपनीने खुलासा म्हणून आपल्या ब्लॉगवर लेख लिहिला. त्यात सांगितलं की जपानमधल्या खास दुकानातली हजार डॉलरची जीन्सही लोक घेतातच की. माझं स्पष्ट मत आहे की चिडलेल्या गिऱ्हाइकाला समजावताना जीन्स, गाडी आणि घड्याळ ही तीन उदाहरणं द्यायला कायद्याने बंदी असावी. लेखाने आगीत तेल ओतायचं काम चोख केलं.

मग मुख्य अधिकारी हिल्मार पेटुरसन यांची कर्मचाऱ्यांना लिहिलेली ईमेल फुटली. तिचा आशय असा, की हा ओरडा अपेक्षितच होता. अशा वेळी खेळाडू काय बोलतात यापेक्षा काय करतात याकडे आपण लक्ष देऊ. आता खरं सांगायचं तर, या माणसाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ‘आता पुन्हा पाऊल ठेवणार नाही’ असं म्हणून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टपरीवर चहा पिताना आपण पाहतोच. धंदा करणाऱ्याला हे ओळखावंच लागतं. चूक एवढीच, की हे वाक्य ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्यांनीच ते वाचलं.

आणि वाचून त्यांनी ते मनावर घेतलं. करूनच दाखवू म्हणाले. खेळातली सर्वांत गजबजलेली बाजारपेठ म्हणजे जिता. मुंबईच्या मस्जिद बंदरात जसा माल आणि माणूस वेगळा करता येत नाही, तसं तिथे म्हणे यानांचं असतं. त्या बाजाराजवळ एक प्रचंड पुतळा होता. शेकड्यांनी, हजारांनी खेळाडू आपापली यानं घेऊन जमले आणि पुतळ्यावर तोफा डागू लागले. पुतळा फुटणारा नव्हता, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी रांगेने डागत होते. दुसरीकडे अनेकांनी वर्गणीच बंद केली. तो आकडा मात्र कंपनीला दिसत होता.

मग तातडीने परिषदेच्या सभासदांना रेक्याविकला बोलावण्यात आलं. ३० जूनपासून बैठका झाल्या. नुसते कपडेच विकू, लढाईत वरचढ ठरवणारी वस्तू विकणार नाही, असं आश्वासन घेऊन मंडळी परतली. ऑक्टोबरमध्ये पेटुरसन यांनी खेळाडूंना लांबलचक पत्र लिहून आपलं चुकलं असं कबूल केलं आणि लक्ष पुन्हा यानांकडे वळवतो म्हणाले. त्याच महिन्यात कंपनीने सुमारे २० टक्के लोकांना घरी पाठवलं. यात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांतल्या बहुतेकांनी मोनोकलची किंमत ठरवली नसणार. या भांडणाची मजा वाचताना मी इथे दर वेळी थोडा अडखळतो, हे नमूद करायला हवं.

सगळ्याच कंपन्यांना असं मतदारसंघ सांभाळणं परवडत नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंनी २०१३ साली तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या संमेलनात विचारलं, पूर्वीचा जुना खेळ परत आणाल का? मंचावरून उत्तर आलं की तुम्हाला वाटतं तो हवा आहे, पण तसं नाहीये. आईने ‘तुला भूक नाहीये, झोप आली आहे’ म्हणावं त्या थाटात. खेळाडूंनी मग परवानगीशिवाय आपलाच जुना खेळ चालवला, कंपनीने २०१६ मध्ये तो बंद पाडला, अडीच लाखांवर लोकांनी अर्जावर सह्या केल्या, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये ब्लिझार्डने तोच जुना खेळ रीतसर सुरू केला. त्याची घोषणा ज्यांनी केली, ते २०१३ मध्ये नाही म्हणणारे गृहस्थच. मला यात त्यांची फजिती दिसत नाही. मोठ्या कंपनीत आपला शब्द स्वतःच गिळायची संधी फार थोड्यांना मिळते, बहुतेकांची बदली आधी होते.

ईव्हच्या लोकांनी पुढे जानेवारी २०१४ मध्ये आणखी एक पराक्रम केला. एका गटाकडून एका प्रदेशाचं भाडं भरायचं राहून गेलं. ताबा सुटला, शत्रू चालून आला आणि एकवीस तास लढाई चालली. इतकी गर्दी झाली की यंत्रं कोलमडू नयेत म्हणून कंपनीच्या व्यवस्थेने त्या भागापुरता काळच दहा टक्के वेगावर आणला. ७५ महाकाय यानं गेली. नुकसान खऱ्या पैशांत सुमारे तीन लाख डॉलर धरलं गेलं. भाड्याचं बिल थकल्यामुळे! कंपनीने या वेळी जीन्सचं उदाहरण दिलं नाही. त्या यानांचे सांगाडे तिथेच ठेवून त्यांचं स्मारक केलं. शहाणपण येतं, फक्त त्याला थोडे वर्गणीदार जावे लागतात.

२०२२च्या मे महिन्यातल्या रेक्याविकच्या खेळाडू-संमेलनाच्या तोंडावर ईव्हची वर्गणी १५ डॉलरवरून २० होणार असं जाहीर झालं आणि नेहमीप्रमाणे शिव्यांची लाखोली वाहिली गेली. पण संमेलनात कंपनीने सांगितलं की आता मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने खेळातला सगळा हिशेब थेट एक्सेलमध्ये उतरवता येईल. या खेळाला गमतीने अवकाशातली स्प्रेडशीट म्हणतातच. लोक वर्षानुवर्षं धातूंचे भाव हाताने तक्त्यात भरत आले होते. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या ईमेलमधला सल्ला, बोलण्यापेक्षा करण्याकडे बघा हा, अखेर कुणीतरी नीट पाळला होता. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांनी अडीच हजारांचा चष्मा झिडकारला, ते रकाने आणि ओळींसाठी ओरडत होते, आणि वाढणारी वर्गणी परवडते का हे आता त्यांना कंपनीच्याच मदतीने काढून पाहता येणार होतं.