प्रामाणिकपणाची चैन

एखाद्या चित्रपटावर उपहासाचा आरोप ठेवावयाचा, तर ज्यांची टर उडविली ती मंडळी चित्रपटगृहातून बाहेर पडताना निदान थोडी तरी ओशाळली होती, हे फिर्यादीने आधी सिद्ध केले पाहिजे. आणि नेमक्या याच मुद्द्यावर पॉल मझर्स्की यांच्या ‘बॉब अँड कॅरल अँड टेड अँड अॅलिस’ या १९६९ सालच्या चित्रपटाचे प्रकरण आजतागायत तहकूब राहिले आहे.

पुरावा मात्र भरभक्कम आहे. लॉस एंजेलिसमधील बॉब आणि कॅरल हे सुखवस्तू दांपत्य एका आश्रमवजा संस्थेत सामुदायिक भावमंथनास जाऊन बसते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बिग सर येथे १९६२ साली निघालेल्या एसेलन संस्थेचा हा नमुना असून, खुद्द मझर्स्की तेथे सपत्नीक जाऊन आले होते. अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून यथेच्छ रडल्यावर, आजवर आपण खरे असे कधी बोललोच नाही, हा साक्षात्कार घेऊन उभयता परततात, आणि त्या साक्षात्काराचा पहिला प्रसाद मिळतो तो हॉटेलातील मुख्य वाढप्याला. त्याच्या अगत्यात खरेपणा कितीसा, याची कॅरल भर जेवणात चौकशी करते, आणि तेवढ्याने समाधान न होऊन त्याच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात जाऊन आपले अंतःकरणही उघडे करते. त्या बिचाऱ्याला बाकीची गिऱ्हाइके सांभाळावयाची असतात. पण मोकळे होण्याची मुभा ज्यांना असते, त्यांना दुसऱ्याची कामाची वेळ सहसा दिसत नाही.

पुढे बॉब आपल्या एका प्रकरणाची कबुली देतो, तेव्हा कॅरल त्याच्या सत्यवचनाने गहिवरते आणि ती शुभवार्ता टेड व अॅलिस या स्नेह्यांना साभिमान कळविते; ती ऐकून अॅलिसला मळमळू लागते. मग बॉब एकदा अवचित घरी येतो, तो शयनगृहात टेनिसचा शिक्षक! क्षणभर त्याच्यातला नवरा खवळतो, पण लगेच तत्त्वज्ञान आठवून तो त्या गर्भगळित पाहुण्याला काय पिणार म्हणून विचारतो. अखेरीस लास व्हेगासच्या हॉटेलात चौघेही एका पलंगावर येतात. तत्पूर्वी टेड न्हाणीघरात जाऊन काखेत आणि तोंडात सुगंधी फवारे मारून घेतो. क्रांतीची इतकी सांगोपांग पूर्वतयारी इतिहासात क्वचितच झाली असेल. पलंगावर पोहोचताच मात्र क्रांती थंडावते, आणि मंडळी कपडे चढवून मुकाट्याने बाहेर पडतात.

बचावपक्षाची कैफियत अशी की, मझर्स्की यांचे या चौघांवर मनापासून प्रेम आहे, आणि शेवटी बर्ट बॅकरॅक यांचे प्रेमगीत वाजत असता माणसे एकमेकांच्या डोळ्यांत पाहत फिरतात, तेव्हा प्रेक्षकाला आपली थट्टा झाली असे न वाटता सत्कार झाला असेच वाटते. यावर फिर्यादीचे उत्तर असे की, अभिनयाची ऑस्कर नामांकने एलियट गूल्ड आणि डायन कॅनन यांना, म्हणजे संकोची टेडला आणि मळमळणाऱ्या अॅलिसला मिळाली; मुक्तात्म्यांच्या पदरी काही पडले नाही. शिवाय तीनच वर्षांनी, १९७२ साली, नेना आणि जॉर्ज ओनील या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याचे मोकळ्या विवाहाचा पुरस्कार करणारे ‘ओपन मॅरेज’ हे पुस्तक तडाखेबंद खपले, म्हणजे विडंबन आधी आणि मूळ संहिता मागाहून, असा उलटा शिरस्ता पडला; आणि त्याच नेनाबाईंनी १९७७ साली दुसऱ्या पुस्तकात एकनिष्ठेची तरफदारी केली.

सबब आमचा फैसला असा: चित्रपट उपहासात्मक आहे, परंतु तो उपहास घरच्याच माणसाने केलेला असल्यामुळे दंडाची रक्कम नाममात्र ठेवली आहे. विवाह मोकळा की बंद, यावर हे लोक रात्रभर चर्चा करू शकतात, कारण सकाळी कामावर खाडा मांडणारा मुकादम त्यांच्या दारी नाही. हीच त्यांची उच्चभ्रूता. वाचकांनी चित्रपट अवश्य पाहावा, मात्र नजर पलंगावर न ठेवता त्या वाढप्याच्या चेहऱ्यावर ठेवावी. साऱ्या प्रकरणातला खरा साक्षीदार तोच असून, त्याची जबानी कोणीही नोंदवून घेतलेली नाही.