दातकोरणीचे मानकरी

वॉशिंग्टनच्या के स्ट्रीटवर संध्याकाळी जे गृहस्थ निळ्या कोटात, हसतमुखाने, कॅपिटॉलकडे जायला टॅक्सी शोधताना दिसतात, त्यांना धंदा विचारू नये. "सरकारी संबंध बघतो," असं मोघम उत्तर मिळेल. लॉबिस्ट म्हटलेलं त्यांना खपत नाही. १९९५ च्या कायद्याप्रमाणे लॉबिस्टाला नाव नोंदवावं लागतं. पण एखाद्या गिऱ्हाइकासाठी दिलेल्या वेळातला वीस टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंगमध्ये गेला, तर नोंदणीतून सुटका. साहेबांचा वेळ वर्षानुवर्षं एकोणीस टक्क्यांवर येऊन थबकतो. बाकीचा सगळा 'सल्ल्या'त जातो.

पूर्वी ते एका सिनेटरच्या कचेरीत वरच्या हुद्द्यावर होते. तिथून बाहेर पडल्यावर ठरावीक मुदत जुन्या कचेरीकडे रदबदली करायला बंदी असते. ती त्यांनी काटेकोर पाळली. त्या काळात एकही फोन केला नाही, आलेले तेवढे उचलले.

त्यांची खरी साधना बघायची तर स्वागतसमारंभात. २००७ साली नियम कडक झाले आणि लॉबिस्टाने काँग्रेसच्या सदस्याला जेवू घालणं बंद झालं. साधी कॉफीसुद्धा पाजायची नाही. मात्र समारंभात उभ्याउभ्या तोंडात टाकायचे किरकोळ पदार्थ चालतात. म्हणजे मांस ताटात घेऊन काट्याने खाल्लं तर भ्रष्टाचार, त्याचाच गोळा करून दातकोरणीवर टोचला तर लोकशाही. वॉशिंग्टनमध्ये या नियमाला दातकोरणीचंच नाव पडलंय. मी पदरचं काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सदस्याच्या निधिसंकलनाच्या न्याहारीला साहेब ऐसपैस बसून अंडी खातात आणि गिऱ्हाइकाच्या राजकीय समितीचा पाच हजार डॉलरचा चेक देतात. पक्षांतर्गत निवडणुकीसाठी एक आणि मुख्य निवडणुकीसाठी आणखी एक. हे सगळं कायदेशीर. निवडणुकीतला पैसा हा अभिव्यक्तीचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच मान्य केलंय. साहेब अभिव्यक्त होतात, एवढंच.

त्यांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे साखर. (साखरेत राजकारण किती विरघळतं, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला मी काय सांगणार?) फ्लोरिडा-लुइझियानातला ऊस आणि मिनेसोटाकडचं बीट यांना १९३० च्या दशकापासून सरकारी आधार आहे. बाहेरच्या साखरेला कोटा लावल्यामुळे अमेरिकेतला भाव बहुतेक वेळा जागतिक भावाच्या वर राहतो. चॉकलेट-गोळ्या करणारे कारखानदार बोंब मारतात. त्यांचेही लॉबिस्ट आहेतच, साहेब त्यांच्याबरोबर गोल्फ खेळतात. साखर खाणारे तर कोट्यवधी, त्यांचं काय? साहेब समजावतात, "खाणाऱ्याचे वर्षाला काही डॉलर जातात, तेवढ्यासाठी तो कुणाला फोन करणार? पिकवणारे मूठभर, पण त्यांचे लाखो डॉलर पणाला लागलेले. ते फोन करतात. मला." इतकं स्वच्छ राज्यशास्त्र मी कुठल्या प्राध्यापकाकडून ऐकलेलं नाही.

काँग्रेसच्या समितीच्या सुनावणीला जागा धरायला साहेब तासाच्या बोलीवर माणूस ठेवतात. तो पहाटेपासून रांगेत ताटकळतो. साहेब दार उघडायच्या वेळी येतात आणि त्याच्या जागी उभे राहतात. कचेरीच्या भिंतीवर राज्यघटनेची पहिली दुरुस्ती चौकटीत लावलेली आहे. सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायचा हक्क तिने प्रत्येकाला दिलाय. साहेब दुसऱ्यांची गाऱ्हाणी मांडतात, आणि दर महिन्याला बिल पाठवतात.

त्यांचं घर जॉर्जटाउनमध्ये, म्हणजे राजधानीच्या हद्दीत. या हद्दीला सिनेटर नाही. प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी बसतो, पण विधेयक मंजूर करताना त्याला मत नाही. अध्यक्षाला मत द्यायचा हक्कसुद्धा तेविसाव्या दुरुस्तीने १९६१ साली मिळाला. 'कर आहे, प्रतिनिधित्व नाही' ही तक्रार तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवरच छापलेली असते. साहेबांच्या मोटारीवरही आहे. शंभर सिनेटरांच्या कचेऱ्यांचे नंबर त्यांच्या फोनमध्ये आहेत, पण एकालाही ते निवडून देऊ शकत नाहीत. या तक्रारीसाठी त्यांनी आजवर एकालाही फोन केलेला नाही. बिल कुणाच्या नावाने फाडायचं?