नेऊमची सीट

चाळीस माणसांच्या बसमधून एकदा युरोप पाहिलेला माणूस 'फक्त बारा जणांचा ग्रुप' हे शब्द ऐकले की विरघळतो. आम्हीही विरघळलो. चाळिसांतले दोघं कायम हरवलेले असायचे आणि उरलेल्या अडतीस जणांनी रोम, पॅरिस वगैरे शहरं त्या दोघांची वाट बघत पाहिली होती. बारा माणसं म्हणजे कसं घरच्यासारखं, असं ही सारखं म्हणत होती. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या घरचे दोन चुलते साताऱ्याजवळच्या गावी हातभर बांधावरून सव्वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

बारा दिवसांत पाच देश करायचे होते: क्रोएशिया, बॉस्निया, माँटेनेग्रो, अल्बानिया आणि नॉर्थ मॅसिडोनिया. सोबत डोंबिवलीचा एक तरुण टूर मॅनेजर. रोज सकाळची लोकल पकडून मोठा झालेला असल्यामुळे त्याला जगातल्या कुठल्याच गर्दीची भीती नव्हती. भीती त्याला आमची वाटायला लागली, तीही पहिल्याच सकाळी.

कारण होतं पुढची सीट. मिनीबसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागच्या दोन जागांवरून समोरची अख्खी काच दिसते. दुब्रोव्निकच्या हॉटेलबाहेर बस लागली तेव्हा त्या सीटवर कोथरूडच्या काकूंचा रुमाल आणि पाण्याची बाटली आधीच विराजमान होती. काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे ताबा कसा घ्यायचा हे घरात सगळ्यांना माहीत. नागपूरचे काका आले, त्यांनी रुमाल उचलून खिडकीला अडकवला, बाटली खाली ठेवली आणि काकूंसकट बसले. "रुमाल टाकून जागा धरायला ही काय एसटी आहे का बाप्पा?" ते म्हणाले. एसटी नव्हती, पण पुढचा अर्धा तास स्वारगेट मात्र होतं.

त्या गडबडीत दुब्रोव्निकची तटबंदी उन्हात चढावी लागली. 1,940 मीटरची ती भिंत सबंध जुन्या गावाभोवती फिरते आणि प्रत्येक वळणावर पुन्हा पायऱ्या काढते. गावाचे रक्षक संत ब्लेझ. गोव्यात गवंडाळीला याच संताचं चर्च आहे आणि ते इथून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलं असं सांगतात, हे मॅनेजरने सांगितल्यावर दादरच्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे ते लोक इथून गोव्याला गेले आणि आपण गोवा सोडून इथं आलो!" मावशी एकट्या आल्या होत्या. ग्रुपमधलं सगळं शहाणपण त्यांच्याकडे होतं, कारण त्यांना कुणाशी भांडायला घरचं माणूसच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याच्या रस्त्याने बॉस्नियात शिरलो. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याने तेरा भारतीय पासपोर्टांचा गठ्ठा पाहून आधी कॉफी मागवली. चाळीस मिनिटांनी आम्ही नेऊममध्ये चहा शोधत होतो.

नेऊम हे या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण आहे. पाहण्यासारखं तिथं विशेष काही नाही. हॉटेलं, समुद्र आणि स्वच्छतागृह. पण बॉस्निया या देशाला समुद्र मिळतो तो एवढाच, सुमारे 20 किलोमीटर. दोन्ही अंगांना क्रोएशिया, मध्ये ही चिंधी. असं का, तर दुब्रोव्निक हे पूर्वी रागुसा नावाचं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं आणि त्याचं शेजारच्या व्हेनिसशी हाडवैर. व्हेनिसची हद्द आपल्या हद्दीला भिडू नये म्हणून 1699 च्या तहाच्या वेळी रागुसाने मधली पट्टी चक्क तुर्कांना देऊन टाकली. मला नाही मिळाली तरी चालेल, पण त्याचा बांध माझ्या बांधाला लागता कामा नये! मला एकदम थोरले चुलते आठवले. गावी बसून जे मला कळलं नव्हतं ते एड्रियाटिकच्या काठी कळलं: बाल्कनचा इतिहास वाचायची काही गरज नाही, भाऊबंदकी माहीत असली की पुरे.

मॅनेजरलाही काहीतरी कळलं असावं. चहा संपवून बसमध्ये चढताना त्याने जाहीर केलं, "पुढची सीट आजपासून साताऱ्याच्या काका-काकूंची." कोथरूडने नागपूरकडे पाहिलं, नागपूरने कोथरूडकडे पाहिलं आणि दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान पसरलं. आपल्याला मिळाली नाही, पण त्यांनाही मिळाली नाही. आम्ही उभयता नेऊम झालो.

नेऊम होणं वाटतं तितकं सुखाचं नसतं. देखावा उत्तम दिसतो, पण दोन्ही बाजूंची सगळी वाहतूक आपल्या अंगावरून जाते. "तुमच्या त्या नागपूरवाल्यांना सांगा, बसमध्ये चिवडा खाऊ नका," हे एका कानात. "त्या पुणेवाल्यांना सांगा, एसी एवढा काहून वाढवून राहिले?" हे दुसऱ्या कानात. दोघांमध्ये जेमतेम तीन फुटांचं अंतर होतं.

मोस्तारला नेरेत्वा नदीवरचा जुना पूल. 1566 साली बांधलेला, 1993 च्या युद्धात तोफांनी पाडलेला आणि 2004 मध्ये तसाच्या तसा पुन्हा उभा केलेला. त्याच्या कमानीवरून तरुण पोरं वीसेक मीटर खाली थंडगार पाण्यात उडी मारतात. पण आधी टोपी फिरते. पुरेसे पैसे जमेपर्यंत पोरगा कठड्यावर उभा राहून हात ताणतो, खाली पाहतो, उडी मारणार असं वाटतं आणि पुन्हा उतरतो. ग्रुपच्या कॉन्ट्रीचा हिशेब कोथरूडच्या काकांकडे होता. युरो, बॉस्नियाचे मार्क, पुढे लागणारे लेक आणि देनार अशा चार कप्प्यांचा बटवा त्यांनी घरून शिवून आणला होता. त्यांनी टोपीवाल्याला सांगितलं, "आधी उडी, मग पैसे." टोपीवाल्याने सांगितलं, आधी पैसे. बँक आणि कर्जदार दोघंही आपापल्या जागी अडून राहिले. शेवटी शेजारच्या जपानी ग्रुपने पैसे टाकले, पोरगा झेपावला, आणि काकांनी ती उडी फुकट पाहिली. त्या संध्याकाळी ते फार प्रसन्न होते.

या मुलखात भाषा किती, हा प्रश्न कुणाला विचारू नये. क्रोएशियन, बॉस्नियन, सर्बियन आणि माँटेनेग्रिन अशा चार भाषा चार देश सांगतात, आणि चौघंही एकमेकांशी दुभाष्याशिवाय बिनचूक भांडतात. क्रोएशियात 'कावा' मागायचा. गनिमी वगैरे काही नसतो, साधी कॉफी येते. सर्बांकडे तिची 'काफा' होते, बॉस्नियात 'काहवा'. तांब्याच्या लहानशा भांड्यात गाळासकट उकळलेली ही कॉफी आमची आहे, तुर्की नव्हे, असं सारायेव्होचा कॉफीवाला छातीवर हात ठेवून सांगतो. बॉस्नियातल्या सिगारेटच्या पाकिटावर धूम्रपानाने मृत्यू येतो हा इशारा तीनदा छापलेला असतो. पहिल्या दोन ओळी अक्षर न् अक्षर सारख्या, तिसरी तीच, फक्त सिरिलिक लिपीत. नागपूरच्या काकांनी ते पाकीट हातात फिरवून पाहिलं. "एकच गोष्ट तीनदा काहून लिहून राहिले हे लोक?" कोथरूडच्या काका-काकूंशी 'आपण' आणि 'आम्ही' यातला फरक यावर आदल्याच रात्री तासभर वाद घातलेला माणूस हे विचारत होता.

खाण्याचंही तेच. सारायेव्होत बुरेक म्हणजे मांस भरलेला गुंडाळा, दुसरा कुठलाही नाही. चीज घातलं की ती सिर्नित्सा, पालक घातला की झेल्यानित्सा. आमच्या हिने 'चीज बुरेक' मागितला तेव्हा दुकानदाराने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने 'मटणाची पुरणपोळी' मागितली. मग बटाट्याची क्रोंपिरुशा सापडली आणि शाकाहारी आघाडीने तीन दिवस दुसरं काही खाल्लं नाही.

सारायेव्होत आमचा ड्रायव्हर रस्ता चुकला. नदीकाठच्या अरुंद गल्लीत बस थांबली आणि तो मागे घ्यायला लागला. मॅनेजर माइकवर म्हणाला, "28 जून 1914 ला इथंच, लॅटिन पुलाच्या कोपऱ्यावर, ऑस्ट्रियाच्या युवराजांचा ड्रायव्हर असाच चुकीच्या वळणावर गेला. गाडी थांबली ती नेमकी गाव्रिलो प्रिन्सिपच्या समोर. पुढे पहिलं महायुद्ध." बसमध्ये कुणी बोलेना. मग मागून सावकाश आवाज आला, "त्यांना म्हणावं गडबड नका करू. आरामात घ्या."

त्या शहराच्या फुटपाथवर जागोजागी लाल डाग आहेत. 1992 ते 1996 च्या वेढ्यात तोफगोळे पडून माणसं मेली, तिथले खड्डे लाल राळेने भरलेत. त्यांना सारायेव्होचे गुलाब म्हणतात. आम्ही बाराही जण ते चुकवत चुकवत, पाय न देता चाललो. त्या दिवशी एसीबद्दल कुणीच काही बोललं नाही.

माँटेनेग्रोत कोटोरचं आखात डोळे निववतं, किल्ल्याच्या तेराशेच्या वर पायऱ्या गुडघे निववतात. मांजरं मोजता येणार नाहीत इतकी. या देशात आडवं पडून राहण्याची स्पर्धा होते आणि 2023 मध्ये विजेते 50 दिवस पडून होते, हे कळल्यावर आमच्यातल्या डॉक्टरांनी बसमधल्या झोपेबद्दल बायकोची बोलणी ऐकून घ्यायचं बंद केलं.

अल्बानियात एन्वर होजाने लाखाच्या वर बंकर बांधून ठेवलेत, शत्रू कधीच आला नाही. आमची अडचण वेगळी होती. तिथली जुन्या वळणाची माणसं 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना उभी. तरुण मंडळी जगासारखंच करतात. म्हणजे वेटरचं वय ओळखल्याशिवाय जेवता येत नाही. नागपूरच्या काकूंनी एका मधल्या वयाच्या वेटरला विचारलं, "यात मांस नाही ना?" त्याने मान आडवी हलवली. काकूंनी खात्रीसाठी आपली भारतीय मान हलवली, जी धड उभीही नाही आणि आडवीही नाही. तो गोंधळला, आत गेला आणि थोरल्या आचाऱ्याला घेऊन आला. त्यानेही मान हलवली. तीन माना हलत असताना मावशींनी पदार्थ फोडून आत पालक दाखवला.

बदल झाला तो ओह्रिडला. या प्राचीन तळ्याचा एक काठ अल्बानियात, दुसरा नॉर्थ मॅसिडोनियात. इथले मोती प्रसिद्ध आहेत. नागपूरच्या काकूंनी कानातलं घेतलं. कोथरूडच्या काकू ते पाहून निघून गेल्या, आणि दहा मिनिटांनी अगदी तसंच घालून परतल्या. मग मॅनेजरने माहिती पुरवली: शिंपल्याच्या मण्यावर तळ्यातल्या माशाच्या खवल्यांचा लेप देऊन हे मोती करतात, कृती घराण्यांबाहेर जात नाही. दोघीही कट्टर शाकाहारी. दोघींचे हात एकदमच कानाकडे गेले. "मी काय मोती खाणार आहे?" एक म्हणाली. "तेच की!" दुसरी म्हणाली. सात दिवसांत प्रथमच त्यांचं एकमेकींशी थेट बोलणं झालं. मी मध्ये उभा होतो, पण मला कुणी निरोप दिला नाही.

स्कोप्येच्या मुख्य चौकात उंच खांबावर घोड्यावरचा एक प्रचंड योद्धा आहे. 2011 साली तो उभा केला तेव्हा त्याचं अधिकृत नाव नुसतं 'घोड्यावरचा योद्धा'. तो सिकंदर आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण सिकंदर आमचा असा ग्रीसचा दावा, त्यामुळे नाव घ्यायची चोरी. ग्रीसशी करार करून 2019 मध्ये खुद्द देशाचंच नाव बदलावं लागलं. मावशी म्हणाल्या, "आमची आजी आजोबांचं नाव घेत नसे, तसंच हे. उखाणा घाला म्हणावं."

शेजारीच मदर तेरेसांचं स्मृतिघर. 1910 मध्ये त्या याच गावात जन्मल्या, तेव्हा इथं तुर्कांचं राज्य होतं. "त्या आमच्या," स्थानिक गाइड म्हणाला. तिरानाच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे आणि तिथला गाइडही हेच म्हणाला होता. तेवढ्यात कोथरूडचे काका पुढे झाले. "नागरिकत्व भारताचं. भारतरत्न 1980. आमच्या!" लगेच नागपूरचे काका त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. "आयुष्य कलकत्त्यात गेलं बाप्पा, तुमच्या कशा?" गाइडने हात जोडले. दोघं विजयी वीर गळ्यात गळा घालून बसकडे निघाले आणि पुढच्या सीटवर शेजारी शेजारी बसले. आमच्या पिशव्या मागे सरकवलेल्या होत्या. विमानतळापर्यंत मी मागच्या काचेतून मॅसिडोनिया पाहिला.

क्रोएशियाने 2022 साली पेल्येशाचा पूल खुला केला. समुद्रावरून जवळजवळ अडीच किलोमीटर, थेट. आता स्प्लिटहून दुब्रोव्निकला जाणाऱ्यांना नेऊमच्या सरहद्दीत शिरावंच लागत नाही. येताना मॅनेजरने हे सांगितलं तेव्हा मी चहा शोधत होतो, नीट ऐकलं नव्हतं. परवा मावशींचा फोन आला. नागपूर आणि कोथरूड मिळून डिसेंबरात व्हिएतनाम-लाओस-कंबोडियाला चाललेत. त्यांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. त्यात आम्ही नाही.