अटॅचमेंट-परीक्षेचा शास्त्रोक्त विधी

आपल्या कचेरीतील नोकरवर्ग संशयास्पद ई-मेलला जोडलेली फाइल उघडतो की नाही, हे पडताळून पाहण्याची इच्छा ज्या अधिकाऱ्याच्या मनात उद्भवली असेल, त्याने प्रथम एका प्रश्नाचा निकाल लावून घ्यावा: आपणांस नोकरवर्ग सावध हवा आहे, की अपराधी हवा आहे? पहिला हेतू असल्यास प्रस्तुत मार्गदर्शिका त्याच्या फारशा उपयोगाची नाही, तेव्हा त्याने ती येथेच मिटवून ठेवावी. हेतू दुसरा असेल तर मात्र त्याने निश्चिंत असावे. कारण प्रश्नपत्रिका काढणारा, ती गुपचूप वाटणारा आणि शेकडा किती उमेदवार नापास व्हावेत हे आगाऊ ठरवणारा मनुष्य एकच असावा, अशी सोय इतर कोणत्याही परीक्षेत परीक्षकास लाभलेली नाही.

या विधीस पूर्वपीठिकाही मोठी भारदस्त आहे. २००४ साली वेस्ट पॉइंट येथील अमेरिकेच्या लष्करी अकादमीत पाचशेंहून अधिक छात्रांना कर्नल रॉबर्ट मेलव्हिल यांच्या सहीने एक मेल गेला. विषय गुणपत्रकातील घोटाळ्याचा, आज्ञा मेलमधील दुवा उघडण्याची, आणि कर्नलसाहेबांच्या दफ्तराचा पत्ता वॉशिंग्टन हॉलच्या सातव्या मजल्याचा. अकादमीत या नावाचे कोणी कर्नल नव्हते, आणि सदरहू इमारतीस सातवा मजलाही नव्हता. तथापि शेकडा ऐंशींहून अधिक छात्रांनी दुवा उघडला. हुकूम कानी पडताच पाऊल उचलावे, शंका काढू नये, असे जेथे रात्रंदिवस घोटून घेतले जाते, त्याच ठिकाणी हुकूम पाळल्याबद्दल छात्र नापास ठरावेत, यात या शास्त्राचे सारे लावण्य एकवटलेले आहे. परीक्षकाने यापासून घ्यावयाचा बोध असा की, मेल नेहमी सर्वांत वरच्या हुद्द्याच्या नावाने धाडावा. कारण साहेबांना फोन लावून ‘हा मजकूर आपलाच का?’ असे विचारण्याची ज्याची प्राज्ञा होती, तो कारकून त्या कचेरीत टिकलेलाच नसतो.

आमिषाची निवड हा या विधीचा प्राण असल्यामुळे येथे घाई करू नये. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आरोग्यसेवेतील १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने अशा बनावट मेलांचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२५ साली मांडण्यात आले. आउटलुकचा पासवर्ड बदलण्याचा मेल आला, तेव्हा फसणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १.८२ होते, रजेच्या नियमांत बदल झाल्याचा मेल आला, तेव्हा तेच प्रमाण शेकडा ३०.८ वर गेले. आरोग्यसेवा तीच आणि नोकरवर्ग तोच, फरक विषयाचा. व्यवहारी अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा आकडा म्हणजे कल्पवृक्षच होय. सुरक्षेच्या अंदाजपत्रकात वाढ मंजूर करून घ्यावयाची असेल त्या तिमाहीत रजेचा मेल पाठवावा, म्हणजे नोकरवर्ग किती गाफील आहे हे पाहून संचालक मंडळ हादरते. आणि वाढीव रक्कम सत्कारणी लागल्याचे दाखवावयाचे असेल त्या तिमाहीत पासवर्डचा मेल पाठवावा, म्हणजे नोकरवर्गात झालेली सुधारणा पाहून तेच मंडळ अभिनंदनाचा ठराव करते. दोन्ही अहवालांत एकही आकडा खोटा घालावा लागत नाही.

आपल्याकडील परीक्षकांना आमिषासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. सरकारी वा निमसरकारी कचेरी असल्यास एप्रिल-मेच्या सुमारास ‘बदल्यांची अंतिम यादी’ या नावाची फाइल धाडावी. ती न उघडणारा कर्मचारी एक तर निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतो, नाही तर ती यादी त्यानेच केलेली असते. महागाई भत्त्याच्या फरकाचा तक्ताही गुणकारी आहे. खाजगी कंपनीत इन्क्रिमेंटचे पत्र चालते. आणि सर्वांवर रामबाण म्हणजे बोनस. २०२० च्या डिसेंबरात, महामारीने जग जेरीस आले असताना, गोडॅडी या अमेरिकी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना सणानिमित्त ६५० डॉलरचा बोनस जाहीर झाल्याचा मेल आला. सुमारे पाचशे जणांनी कृतज्ञतेने आपली माहिती भरून दिली, आणि दोन दिवसांनी त्यांना कळवण्यात आले की बोनस वगैरे काही नसून आपण परीक्षेत नापास झालेले आहात. पुढे बोभाटा होऊन कंपनीस माफी मागावी लागली, हा भाग विधीत मोडत नाही.

माणूस अशा मेलास फसतो तो अडाणीपणामुळे, असा एक समज परीक्षकवर्गात रूढ आहे आणि तो जपणे त्यांच्या हिताचे आहे. वास्तविक पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो तोतया पुढे आला, त्याच्या भजनी लागलेले लोक काही अडाणी नव्हते. भाऊ परत यावेत अशी त्यांची मनापासून इच्छा होती, आणि ज्याची वाट पाहिली जाते त्याच्या चेहऱ्याची फारशी छाननी होत नाही. पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी १७७६ साली देहदंड दिला तो तोतयाला. आधुनिक व्यवस्थापनशास्त्र याहून पुढे गेलेले असून, आता तोतया कचेरी स्वतःच तयार करते आणि दंड विश्वास ठेवणाऱ्याला देते.

फाइलीच्या तांत्रिक बाजूविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूने प्रेमपत्राच्या नावापुढे ‘टीएक्सटी’ आणि त्यापुढे ‘व्हीबीएस’ अशी दोन शेपटे लावली होती, आणि विंडोज खरे शेपूट आपण होऊन झाकून ठेवीत असे. तेव्हा वाचणाऱ्याला दिसले ते एक निरुपद्रवी टिपण. हीच युक्ती आजही पुरते. ज्या यंत्राने शेपूट झाकले त्या यंत्राला कोणी प्रशिक्षणवर्गास बसवले नाही.

परीक्षार्थी निवडताना हिशेबखाते आणि मनुष्यबळ खाते यांस अग्रमान द्यावा. अनोळखी माणसांनी धाडलेली बिले आणि बायोडेटा दिवसभर उघडीत बसणे यासाठीच ज्यांना पगार मिळतो, ते अनोळखी माणसाने धाडलेली फाइल उघडतात, असा धक्कादायक निष्कर्ष तेथे हमखास हाती लागतो. बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून २०१६ च्या फेब्रुवारीत ८ कोटी १० लाख डॉलर लांबवले गेले, त्या प्रकरणी अमेरिकी तपासयंत्रणेने न्यायालयात मांडलेल्या हकिकतीत चोरांचा चंचुप्रवेश एका नोकरी मागणाऱ्याच्या विनम्र मेलाने झाला होता. अशा मेलांसाठी एक वेगळा, मुख्य जाळ्यापासून तोडलेला संगणक त्या टेबलावर ठेवून द्यावा, अशी सूचना एखादा भोळा कर्मचारी करील. त्यास खर्च येतो. कर्मचाऱ्यास दोष देण्यास येत नाही.

वरिष्ठांना मात्र परीक्षेतून वगळावे. ते फसल्यास अहवाल कोणापुढे ठेवावयाचा, हा पेच पडतो.

गुप्ततेचा अतिरेक टाळावा, एवढे सांगणे येथे प्राप्त आहे. २०१४ साली अमेरिकेतील एका लष्करी अधिकाऱ्याने, निवृत्तिनिधीच्या खात्यात घुसखोरी झाल्याचा बनावट मेल शंभराहून कमी सहकाऱ्यांना पाठवला. ज्याची परीक्षा घ्यावयाची ती सावधगिरी त्या सहकाऱ्यांनी इतक्या निष्ठेने दाखवली की, इष्टमित्रांना सावध करण्यासाठी तो मेल पुढे धाडीत त्यांनी तो हजारो जणांपर्यंत आणि अनेक खात्यांपर्यंत पोहोचवला, आणि निधीची कचेरी घाबऱ्या चौकश्यांनी बेजार झाली. तेव्हा निदान हेल्पडेस्कवरील मुलांना आधी कल्पना देऊन ठेवावी.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. बनावट मेल ओळखण्याची जी लक्षणे प्रशिक्षणाच्या भिंतीपत्रकावर छापलेली असतात, ती म्हणजे बाहेरचा अपरिचित पत्ता, धमकीवजा घाई, अशुद्ध भाषा आणि अकारण जोडलेली फाइल. ही चारही लक्षणे कचेरीच्या खऱ्या परिपत्रकांत कशी टिकून राहतील याकडे परीक्षकाने लक्ष पुरवावे. ‘आज सायंकाळी ५ पूर्वी सोबतचा तक्ता भरून न दिल्यास वेतन रोखण्यात येईल’ हा मजकूर चोराचा नसून लेखा विभागाचा असतो. आरोग्यविम्याचा मेल कोणा तिसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावरून येतो. पगारपत्रक कुलूपबंद येते आणि त्याच्याच खाली किल्लीही टांगलेली असते: नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल. इतकेच कशाला, नापास झालेल्यांना सुरक्षा-प्रशिक्षणास हजर राहण्याचे जे फर्मान येते, तेही अनोळखी पत्त्यावरून येते, ४८ तासांची मुदत घालून देते आणि खालील दुवा उघडण्यास सांगते. तो न उघडल्यास पुन्हा खुलासा मागवण्यात येतो.

प्रशिक्षणाचा परिणाम होतो काय, हे विचारण्याची रीत नाही. सॅन डिएगोच्या प्रयोगात प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित यांच्या फसण्याच्या प्रमाणात सरासरी शेकडा १.७ चा फरक आढळला. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी एका मोठ्या कंपनीच्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर पंधरा महिने प्रयोग केला, त्यात मेलास फसताच समोर येणाऱ्या उपदेशाच्या पानाने माणसे अधिक सावध झाली नाहीत. उलट फसण्याकडे त्यांचा कल थोडा वाढल्याचे दिसले. त्याच प्रयोगात संशोधकांना एक गोष्ट उपयुक्त आढळली, ती अशी की, संशय येताच कळवण्याची सोपी कळ हाताशी दिल्यास कर्मचारी कित्येक महिने न कंटाळता कळवीत राहतात, आणि पहिल्या काही वार्तांवरूनच नवा हल्ला लवकर उघडकीस येतो. परंतु कळवणाऱ्यांचा रकाना आपल्या अहवालांच्या नमुन्यात बहुधा नसतो, कारण त्याखाली कोणावर ठपका ठेवता येत नाही.

शिक्षेविषयी थोडक्यात लिहितो. पहिल्या कसुरीस उपदेशाचे लाल पान, दुसऱ्या कसुरीस प्रशिक्षणाचे चलच्चित्र, तिसऱ्या कसुरीस कारणे दाखवा नोटीस आणि गोपनीय अहवालात शेरा, असा क्रम ठेवावा. याने काम चोख होते. ज्या दिवशी खरा चोर येतो आणि हिशेबखात्यातील एखाद्या बाई त्याची फाइल उघडून बसतात, त्या दिवशी पडद्यावर काही विपरीत घडताच त्यांना सर्वप्रथम तो शेरा आठवतो. त्या खिडकी बंद करतात, पाणी पितात आणि कोणाजवळ ब्र काढीत नाहीत.

भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे कचेऱ्यांवर बंधनकारक आहे. ज्या अधिकाऱ्यांनी पहिल्याच परिच्छेदात ही मार्गदर्शिका मिटवली, त्यांनी आपल्या हिशेबखात्यातील बाईंना आजच जाऊन सांगावे की, चुकून काही उघडले गेले तर तत्काळ फोन करा, शेरा पडणार नाही. आणि हे मेलने न कळवता समक्ष सांगावे.