टेम्पोच्या नाकाचं हाड

आपल्याकडे माणूस जरा घोरला किंवा शिंकला की त्याच्या नाकाचं हाड वाढलेलं असतं. त्याला डॉक्टर लागत नाही. माझं निदान सफाळ्याच्या फलाटावर, डहाणू लोकलची वाट बघताना झालं. करणारे गृहस्थ पूर्ण अनोळखी होते आणि निदान करून पुढच्या डब्यात चढून निघूनही गेले. तेव्हापासून मी स्वतःच्या नाकाकडे संशयाने बघतो. गेल्या दिवाळीपासून टेम्पोच्याही.

टेम्पो चार सिलिंडरचा, टर्बो डिझेल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नाही. (काडीचा आहे, पण ती काडी पेंढ्याची. ते पुढे येईल.) नंबर एमएच ०४ चा. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्याच्या आधीची ही गाडी. म्हणजे आम्ही दोघेही ठाणे जिल्ह्यात जन्मलेले. धंदा भाताच्या पेंढ्याचा, आणि हंगामात दुधी-वांग्यांचा. माल भरायचा, तांदुळवाडीचा घाट चढायचा आणि वरई फाट्याला हायवेला लागायचं. वर्षानुवर्षं तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी दिवाळीनंतर दुसऱ्यात चढायला लागली, मग पहिल्यात. मागे इतका काळा धूर, की आरशात मागचं काही दिसेना. एक सायकलवाला मला ओलांडून गेला. जाताना त्याने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आपण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघतो.

काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर आणि हवा अपुरी, एवढं मलाही कळतं. एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. वजनात हे काही वाटत नाही. पण हिशेब लिटरमध्ये मांडला तेव्हा मी हबकलो. एक लिटर डिझेलला निदान १० हजार लिटर हवा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर पाण्याचे टँकर येतात, त्यातला मोठा टँकर १० हजार लिटरचा. म्हणजे एका लिटरमागे एक टँकर हवा, आणि ती सगळी मनगटाएवढ्या नळीतून! एवढी हवा नुसत्या ओढीने आत येईना, म्हणून स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ साली पेटंट घेतलं, की बाहेर वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने ताजी हवा दाबून आत कोंबायची. तोच टर्बो. तो मिनिटाला लाखावर फेरे घेतो. आमच्या घरात एवढं फिरणारं दुसरं काहीच नाही, मेहुण्याची जीभ सोडली तर.

मेहुणा प्लंबर आहे. त्याने बॉनेटखाली डोकं घातलं, बोटाने नळी चाचपत गेला आणि डोकं बाहेर काढून म्हणाला, “भावोजी, तुमचा प्रॉब्लेम गाडीचा नाहीच. पायपिंगचा आहे.”

“म्हणजे?”

“तीन बेंड आहेत. नाकाचं हाड!”

प्लंबरचं ऐकू नये असं मी म्हणणार नाही, कारण त्याचा हिशेब चोख होता. दोन इंची पाइपाचा एक काटकोनी एल्बो जेवढा दाब खातो, तेवढा पाच फूट सरळ पाइप खातो. तीन एल्बो म्हणजे पंधरा फूट. आणि दोनऐवजी अडीच इंची पाइप टाकला, तर तेवढ्याच हवेला होणारा अडथळा एक तृतीयांशावर येतो. हे सगळं पुस्तकात आहे. मेहुण्याने पुस्तक वाचलेलं नाही, पण गावातल्या निम्म्या टाक्या त्याने चढवल्या आहेत. पाणी आणि हवा, दोघांनाही वळणं आवडत नाहीत.

त्याची पहिली सूचना होती, हवेची सोंड केबिनमागून काढून पुढे बंपरपाशी आणायची, “समोरून ताजी हवा!” ती मी फेटाळली. आमच्या रस्त्यांवर जुलैत गुडघाभर पाणी असतं. इंजिनने हवेऐवजी ते ओढलं की संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. कंपनीने सोंड उंच ठेवली ती काही शोभेला नाही.

दुसरी सूचना मात्र मी मानली. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतची वेडीवाकडी नळी काढून त्याने अडीच इंची पीव्हीसी पाइप बसवला, सोल्युशन लावून, पुसून, वर हात फिरवून. “आतून आरशासारखा. दहा वर्षं बघायला नको.”

बघायला लागलं दुसऱ्याच पहाटे. दुधी भरलेले, काळोख, घाटाचं तिसरं वळण. गाडी सुरुवातीला खरंच उडाली, म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये चढली. मी मनातल्या मनात मेहुण्याला सदरा घेऊन टाकला. तेवढ्यात ‘फट्’ असा आवाज झाला, पाठोपाठ प्रेशर कुकरची शिट्टी अडकावी तसा फुसकारा, आणि धूर. टॉर्च मारून बघतो तर पाइप लोकरीच्या मोज्यासारखा लोंबत होता. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं बूड चटके देतं, हे मला आणि मेहुण्याला, दोघांनाही लहानपणापासून माहीत. पण टर्बो हाही पंपच, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. भरल्या गाडीने घाट चढताना टर्बोतून निघणारी हवा शंभर अंशांच्या वर जाते. पीव्हीसी ऐंशीच्या आसपासच मऊ पडतो. ती हवा थंड करायलाच तर पुढे इंटरकूलर ठेवलाय! त्या दिवशी दुधी उन्हं वर आल्यावर पोचले. भाव विचारू नका.

मग मी मिस्त्रीकडे गेलो. आधी का गेलो नाही? कारण मिस्त्री पैसे घेतो आणि मेहुणा फक्त जेवतो. मिस्त्रीने सगळी कथा ऐकून घेतली, तोंडातली सुपारी दुसऱ्या गालात सरकवली आणि विचारलं, “शेठ, क्लीनर शेवटचा साफ कधी केला?”

“आमचा क्लीनर? रोज आंघोळ करतो तो.”

क्लीनर, म्हणजे आमचा पोऱ्या, शेजारीच उभा होता. तो लाजला. मिस्त्रीने काही न बोलता सोंडेची क्लिप सैल केली, नळी उपटली आणि उलटी करून गाडीच्या पत्र्यावर आपटली. आतून पेंढा पडला. ओंजळभर, मग आणखी ओंजळभर, नीट गोल विणलेला, मधे मऊ चिंध्या आणि माझ्याच हरवलेल्या बिलाचे कपटे. उंदराचं घरटं. पावसाळ्यात तीन आठवडे गाडी उडवीला लागून उभी होती, तेव्हा एका कुटुंबाने जागा बघितली असणार. उरलेलं एअर फिल्टरमध्ये कोंबलेलं होतं. फिल्टर हातात घेतला तर चपातीच्या पिठाच्या डब्याएवढा जड.

नवा फिल्टर आणि कंपनीची जुनी नळी बसवून गाडी त्याच संध्याकाळी घाट तिसऱ्यात चढली. तिन्ही हाडं जागच्या जागी.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण मी आदल्याच दिवशी बोईसरला जाऊन ऑर्डर देऊन आलो होतो. तारापूर एमआयडीसीच्या आजूबाजूला भंगारवाल्यांकडे स्टेनलेस स्टीलचे असे तुकडे मिळतात, की बघितल्यावर काहीतरी बनवावंसंच वाटतं. फॅब्रिकेटरने अडीच इंची पाइपाला एकच लांब, ऐसपैस वळण दिलं, जोड जमवले आणि आतला वेल्डिंगचा फुगवटा ग्राइंडरने घासून काढला. तो राहिला असता तर नवीनच हाड. दोन्ही टोकांना सिलिकॉनचे होज, जाड पट्टीच्या क्लिपा. एवढं देखणं काम झालं, की ते बॉनेटखाली झाकायचं जिवावर आलं.

फरक किती पडला? खरं सांगायचं तर घाटात काहीच नाही. शिवाय आरटीओत फिटनेसला जायचं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ डोळ्यांपुढे येतं. कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत चालत नाही. नळी त्यात बसते की नाही यावर मिस्त्री आणि मेहुण्यात वाद झाला, आणि तो निकाली लागेपर्यंत मी जुनी नळी तेल पुसून सीटखाली ठेवली आहे. फरक पडला तो आवाजात. टर्बो आता शीळ घालतो. ही म्हणते, “तुम्ही घाट उतरलात की मला घरात कळतं. चहा टाकते.” पुढे म्हणते, “आणि रात्री तुम्ही घोरता तेव्हा वाटतं, परत निघालात.”

मेहुण्याचा तो लोंबका पाइप मी भंगारात टाकणार होतो. त्याने हातातून काढून घेतला. “अडीच इंची आहे, भावोजी, वाया कशाला घालवायचा?” आणि त्याच दुपारी तो आमच्या मोरीला जोडून दिला, सगळ्या बाकांसकट. तेव्हापासून रोज सकाळी भांडी घासून झाली, की मोरी आधी घरघरते, मग दम खाते, मग एक फुसकारा सोडून बंद पडते. काल शेजारची म्हातारी आत डोकावून म्हणाली, “हाड वाढलंय हो हिचं.”